एल्कच्या शिकारीसाठी ब्रॉडहेड: फिक्स्ड घ्यावे की मेकॅनिकल?

धनुष्याने एल्कची, म्हणजे सांबराच्या कुळातल्या एका मोठ्या हरणाची, शिकार करायचे ठरवलेला नवशिक्या तयारीचा बराचसा वेळ ब्रॉडहेडच्या, म्हणजे बाणाला बसवायच्या धारदार पात्यांच्या टोकाच्या, निवडीत घालवतो आणि बहुधा क्रम उलटा धरतो. आधी तो दुकानातून एक महागडी डबी घेऊन येतो आणि ती आपल्या धनुष्याला मानवते की नाही, हे हंगाम तोंडावर आल्यावर पाहतो. खरे तर डबी सर्वांत शेवटी घ्यायची असते. तिच्याआधी बाणाचा जोर मोजायचा, राज्याचे नियम वाचायचे आणि ज्या जनावरावर बाण सोडायचा त्याची हाडे कुठे आहेत हे नीट समजून घ्यायचे. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

हे सारे अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत, रीतसर परवाना काढून शिकार करू इच्छिणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे तिथे यातले काहीही लागू होत नाही. इकडे नव्याने आलेल्यांना बंदुकीपेक्षा धनुष्य जवळचे वाटण्याचे एक व्यावहारिक कारणही आहे. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक बाळगण्यावर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची बंधने आहेत. शिकारीचा परवाना असल्यास त्यातून सूट मिळते, पण धनुष्य त्या कायद्याच्या व्याख्येत मुळातच येत नाही.

दोन्ही प्रकार नेमके कसे असतात

फिक्स्ड ब्रॉडहेडची पाती जागची हलत नाहीत. भात्यातून काढताना, हवेत उडताना आणि जनावरात शिरताना त्याचा आकार एकच असतो. त्यातही काहींचे टोक आधी टोचते आणि मागची पाती नंतर कापतात, तर काहींचे पाते थेट टोकापासूनच धारदार असते, म्हणजे ते टेकताक्षणी कापू लागते. काहींची पाती बदलता येतात, तर जी-फाइव्ह कंपनीचे मॉन्टेक यांसारखी काही अखंड पोलादाची असतात आणि त्यांना पुन्हा धार लावता येते.

मेकॅनिकल ब्रॉडहेडची पाती उडताना दांड्यालगत मिटलेली असतात आणि जनावराला लागताच उघडतात. काही रचनांत पाती पुढून मागे फिरतात, सोसाट्याच्या वाऱ्यात छत्री उलटावी तशी. रेजसारख्या काही रचनांत ती मागच्या बाजूने सरकत बाहेर येतात. मिटलेल्या पात्यांना वारा फारसा धरत नाही, म्हणून असा बाण सरावाच्या गोल टोकासारखाच, म्हणजे फील्ड पॉइंटसारखा, सरळ जातो. उघडल्यावर मात्र दोन इंचांपर्यंत रुंद जखम होते. विकणारा हे दोन्ही गुण सांगतो आणि दोन्ही खरे आहेत. पाती उघडायला लागणारा जोर बाणाच्याच जोरातून वजा होतो, ही तिसरी गोष्ट तो क्वचितच सांगतो.

रुंदीबाबत एक हिशेब सहसा कोणी करून दाखवत नाही. दोन पात्यांचे, दोन इंच रुंदीचे मेकॅनिकल ब्रॉडहेड एकूण दोन इंच कापते. चार पात्यांचे, एक इंच रुंदीचे फिक्स्ड ब्रॉडहेड प्रत्येक पात्यागणिक अर्धा इंच, म्हणजे एकूण दोन इंचच कापते. लांब चिरेचे तोंड मोकळे राहते आणि चौफुली छिद्राचे थोडे आवळते, हा फरक आहेच. तरीही डबीवरचा इंचांचा आकडा वाटतो तितका मोठा नसतो.

पहिली पायरी: आपल्या बाणाचा जोर मोजा

धनुष्याच्या जाहिरातीत ताशीव अक्षरांत छापलेला वेग, समजा सेकंदाला ३४० फूट, हा तुमचा वेग नव्हे. तो आकडा ७० पौंडांची ओढ (दोरी ओढायला लागणारा जोर), ३० इंचांची ओढलांबी (दोरी किती मागे ओढली जाते ते अंतर) आणि अवघा ३५० ग्रेनचा बाण धरून काढलेला असतो. ग्रेन हे वजनाचे छोटे एकक आहे, १०० ग्रेन म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम. ओढलांबीचा ढोबळ अंदाज दोन्ही हात पसरून मोजलेल्या वावेला अडीचने भागून मिळतो, आणि वाव साधारण उंचीइतकीच असते. साडेपाच फूट उंचीच्या माणसाची ओढलांबी त्यामुळे साडेसव्वीस इंचांच्या आसपास येते. आपल्यातल्या बहुतेकांचे माप याच्या जवळपासचे असल्याने जाहिरातीतला वेग आपल्या वाट्याला येतच नाही.

ओढलांबी एका इंचाने कमी झाली की वेग सुमारे १० फुटांनी उतरतो, ओढ एका पौंडाने कमी झाली की सुमारे २ फुटांनी, आणि बाणाचे वजन ३ ग्रेनने वाढले की सुमारे एका फुटाने. हे अंदाज आहेत, पण उपयोगाचे आहेत. वरच्याच धनुष्यावर २७ इंच, ६० पौंड आणि ४५० ग्रेनचा बाण धरला तर ३४० मधून ३०, २० आणि ३३ वजा होतात. दोरीवरच्या जोडण्यांचे आणखी काही गेले की २५० फूट उरतात. नेमका आकडा हवा असेल तर धनुष्याच्या दुकानात वेगमापक यंत्र असते, त्यासमोर आपला शिकारीचाच बाण दोन-तीनदा सोडून पाहावा.

आता ऊर्जा. बाणाचे ग्रेनमधले वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. उत्तर फूट-पौंडांत येते. ४५० ग्रेन आणि २५० फूट यांचे उत्तर साधारण ६२ फूट-पौंड येते. एखाद्या सडपातळ स्त्रीचे धनुष्य ४५ पौंडांचे असेल आणि तिचा ४०० ग्रेनचा बाण २०० फुटांनी जात असेल, तर उत्तर सुमारे ३५ फूट-पौंड येते. बाण बनवणाऱ्या ईस्टन कंपनीच्या बहुपरिचित तक्त्यात एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी ४२ ते ६५ फूट-पौंडांची श्रेणी दिली आहे.

पण ऊर्जेच्या आकड्यावरच थांबू नये. ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, म्हणून हलका आणि वेगवान बाण कागदावर दांडगा दिसतो. जाड कातडे आणि बरगडी भेदून पुढे जाताना मात्र वजनदार बाण आपली गती अधिक टिकवून धरतो. यासाठी संवेग पाहतात: वजन गुणिले वेग, भागिले २,२५,४००. आपल्या ६२ फूट-पौंडांच्या बाणाचा संवेग सुमारे ०.५० येतो, तर ३५ फूट-पौंडांच्या बाणाचा ०.३५. डॉ. एड ॲशबी यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील नाताळ भागात प्रत्यक्ष जनावरांवर बाणांच्या भेदनशक्तीचा अभ्यास केला आणि जड हाड फोडण्यासाठी ६५० ग्रेनच्या आसपासचा बाण सुचवला. तो विचार मला पटतो, आकडा मात्र एल्कसाठी मी डोळे मिटून घेत नाही. साठ पौंडांच्या धनुष्यावर इतका जड बाण इतका वक्र जातो की अंतराचा अंदाज पाच यार्डांनी चुकला तरी नेम हुकतो. ४२५ ते ५०० ग्रेन हा मध्यम मार्ग आहे.

दुसरी पायरी: नियमपुस्तिका

कोलोरॅडोत ब्रॉडहेडची रुंदी किमान सात-अष्टमांश इंच हवी, किमान दोन पोलादी धारा हव्यात, प्रत्येक धार पूर्ण लांबीभर एकाच प्रतलात हवी आणि धनुष्याची ओढ किमान ३५ पौंड हवी. मेकॅनिकल ब्रॉडहेड तिथे चालते. आयडाहो आणि ओरेगन या राज्यांनी मात्र मेकॅनिकल ब्रॉडहेडवर बरीच वर्षे बंदी ठेवली होती. हे नियम बदलत राहतात, म्हणून ज्या वर्षी आणि ज्या राज्यात जायचे, त्या वर्षीची त्याच राज्याची पुस्तिका वाचावी. मित्राच्या आठवणीवर विसंबू नये. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत परवान्यासाठी शिकारी-शिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. मोंटाना आणि आयडाहोत धनुष्यशिकारीचे वेगळे शिक्षणही मागतात. हे वर्ग उन्हाळ्यातच उरकून घ्यावेत.

तिसरी पायरी: जनावराची हाडे

एल्क हे आपल्या सांबराच्याच कुळातले, पण त्याहून भरदार जनावर आहे. रॉकी पर्वतातला पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या वर भरतो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. फुप्फुसांचा घेर चांगल्या परातीएवढा असतो, त्यामुळे पांढऱ्या शेपटीच्या हरणापेक्षा लक्ष्य मोठे मिळते. परातीच्या पुढच्या कडेवर मात्र फऱ्याचे रुंद हाड आणि त्याखाली पुढच्या पायाचे जाड हाड असते. या दोन हाडांचा कोन पुढच्या बाजूला वळलेला असतो आणि त्याच्या मागे फक्त बरगड्या असतात. जनावर पूर्ण आडवे उभे असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर यावे आणि छातीच्या उंचीचा खालचा एक-तृतीयांश भाग संपतो तिथे नेम धरावा.

ब्रॉडहेडच्या निवडीशी याचा थेट संबंध आहे. बरगडीवर बाण सरळ आला तर दोन्ही प्रकार आपले काम करतात. बाण तिरका आला तर पुढून उघडणाऱ्या मेकॅनिकलचे एक पाते आधी टेकते आणि बाण कडेला ढकलला जाऊ शकतो. फऱ्याच्या हाडावर बाण लागला तर रुंद उघडलेली पाती जोर खाऊन टाकतात किंवा वाकतात. अखंड पोलादाचे फिक्स्ड पाते तिथून पार जाण्याची शक्यता जास्त असते, हमी मात्र तेही देत नाही. सप्टेंबरात, माजाच्या काळात, आवाज काढून बोलावलेला नर बहुधा तोंड समोर करूनच येतो. अशा वेळी नवशिक्याने दोरी ओढून थांबावे, किंवा ओढूच नये. समोरून बाण सोडण्याचा मोह कोणत्याही ब्रॉडहेडच्या भरवशावर करू नये.

चौथी पायरी: निवड

आता माझे मत सांगतो. ऊर्जा ५० फूट-पौंडांच्या खाली असेल तर मेकॅनिकलचा विचार सोडून द्यावा आणि टेकताक्षणी कापणारे, दोन पात्यांचे, अरुंद फिक्स्ड ब्रॉडहेड घ्यावे. पस्तीस फूट-पौंडांच्या धनुष्याने एल्क मारताच येत नाही असे नाही, पण अंतर वीस यार्डांवर आणावे लागते आणि फक्त आडवे उभे असलेले जनावरच निवडावे लागते. पन्नास ते पासष्टच्या दरम्यान फिक्स्ड हीच पहिली पसंती असावी. मेकॅनिकल घ्यायचेच असेल तर मागून उघडणारे आणि दीड इंचाच्या आत असलेले घ्यावे. दोन इंची ब्रॉडहेड या जोरात एल्कसाठी नको. पासष्टच्या वर आणि बाण साडेचारशे ग्रेनचा असेल तर दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.

तरीही, जोर कितीही असो, पहिल्या हंगामासाठी मी फिक्स्डच सुचवतो, आणि याचे कारण पात्यात नसून धनुष्यात आहे. फिक्स्ड ब्रॉडहेडची पाती बाणाच्या पुढच्या टोकाला छोट्या पंखांसारखी वागतात. धनुष्य नीट जुळवलेले नसेल आणि बाण शेपूट हलवत निघत असेल, तर ते पंख लगेच वारा धरतात आणि बाण भलतीकडे नेतात. लोक याला फिक्स्डचा दोष म्हणतात. माझ्या मते तो आरसा आहे. मेकॅनिकल ब्रॉडहेड हाच दोष झाकून ठेवते: फळीवर बाण गोल टोकांशेजारीच लागतो आणि आपल्याला वाटते की सगळे ठीक आहे, पण शेपूट हलवत निघालेला बाण जनावरात तिरकाच शिरतो आणि त्याचा जोर कडेला वाया जातो.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. पहिल्या हंगामात माझ्याकडे दोन इंची मेकॅनिकल होते आणि अंगणातल्या फळीवर तीस यार्डांवरून बाण एकमेकांना खेटून लागत होते. एका मादीला पंचवीस यार्डांवरून योग्य जागी बाण लागला, पण निम्मा दांडा बाहेरच राहिला. पलीकडे छिद्र नव्हते आणि जमिनीवर रक्ताचे जेमतेम चार थेंब होते. ती दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली, तोवर मांस गेले होते. घरी येऊन त्याच धनुष्याने ताणलेल्या कागदातून बाण सोडला तर कागद दीड इंच आडवा फाटला, म्हणजे बाण शेपूट हलवतच निघत होता.

पाचवी पायरी: उडवून पाहा आणि धनुष्य जुळवा

हे काम जुलैत सुरू करावे. ब्रॉडहेडचे वजन सरावाच्या टोकाइतकेच हवे. १०० ग्रेन म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम आणि १२५ ग्रेन म्हणजे आठ ग्रॅम. पुढचे वजन वाढले की दांडा उडताना जास्त लवतो, म्हणून १०० वरून १२५ वर जाताना दांड्याचा ताठपणा, ज्याला स्पाइन म्हणतात, तो तक्त्यावर पुन्हा तपासून घ्यावा. मग प्रत्येक बाणावर ब्रॉडहेड बसवून तो बाण फिरकीवर गरकन फिरवून पाहावा. टोक डगमगताना दिसले तर तो बाण बाजूला ठेवावा. दोष बहुधा दांड्यात बसवलेल्या धातूच्या नळीचा असतो, ब्रॉडहेडचा नव्हे.

त्यानंतर आधी कागदातून बाण सोडून फाटण्याची खूण पाहावी आणि फाट सरळ छिद्रापर्यंत येईल इतके धनुष्य जुळवावे. मग वीस यार्डांवर, आणि जमले की तीस व चाळीसवर, एक गोल टोकाचा आणि एक ब्रॉडहेडचा असे बाण आलटून पालटून सोडावेत. दोन्ही एकाच बिंदूवर नेमावेत, पण फोमचा जाड ठोकळा ब्रॉडहेडसाठीचाच हवा, नाहीतर बाण परत निघत नाही. ब्रॉडहेड गोल टोकाच्या डावीकडे लागत असेल तर बाण ज्यावर टेकतो ती रेस्ट किंचित उजवीकडे सरकवावी, खाली लागत असेल तर किंचित वर. किंचित म्हणजे इंचाचा बत्तिसावा भाग, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सोडून पाहायचे. एका बाणावरून निर्णय घेऊ नये. चुकीचा बाण आणि चुकलेला हात यांतला फरक कळायला तीन-चार फेऱ्या लागतात. दोन्ही टोके एका जागी लागू लागली की मगच साइटच्या, म्हणजे धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाच्या, खुणा हलवाव्यात.

मेकॅनिकल घेतले तरी हे सगळे करायचे असतेच, फक्त जुळवणी उसन्या फिक्स्ड ब्रॉडहेडने करायची. सेव्हरसारख्या काहींची पाती सरावासाठी छोट्या स्क्रूने बंद करता येतात, ती सोय चांगली आहे. पण शिकारीला निघताना तो स्क्रू काढायचे विसरू नये. सराव केलेले पाते शिकारीत वापरू नये. हातावरचे केस सहज निघतील इतकी धार नसेल तर पाते बदलावे किंवा घासावे. पाते बोटाने तपासू नये आणि ब्रॉडहेड बसवताना त्यासोबत मिळणारा पाना वापरावा. या धारा ब्लेडसारख्याच असतात.

डोंगरात

भात्यात फोमची खोच असते. मेकॅनिकलची पाती तिच्यात अडकून अर्धवट उघडतात. दिवसातून दोनदा, विशेषतः झुडपातून गेल्यानंतर, पाहून घ्यावे. पाती धरून ठेवणारी रबरी किंवा प्लास्टिकची कडी एकदा ताणली गेली की बदलावी. जास्तीच्या चार कड्या खिशात असाव्यात. दोरीला बाण लावून चालू नये, कारण धनुष्यशिकारीतल्या वाईट जखमा बहुधा पडण्याच्या आणि स्वतःच्याच पात्यांच्या असतात.

बाण लागल्यावर जागेवरच थांबून जनावर कुठे उभे होते आणि कुठे दिसेनासे झाले, हे झाडाच्या खुणेने लक्षात ठेवावे. बाण सापडला तर त्यावरचे रक्त सगळे सांगते. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस. अर्ध्या तासाने निघावे. गडद तांबडे असेल तर यकृत. चार ते सहा तास थांबावे. हिरवट आणि दुर्गंधी येत असेल तर आतडी. आठ ते बारा तास, आणि सप्टेंबरच्या उकाड्यात हाच सर्वांत कठीण निर्णय असतो. फिक्स्ड पाते पार गेले असेल तर पलीकडेही छिद्र असते आणि माग लवकर लागतो. मेकॅनिकलचा बाण आतच राहिला असेल तर रक्त पोकळीतच साचते आणि बाहेर थोडेच दिसते. अशा वेळी माग संपला म्हणून परत फिरू नये, शेवटच्या थेंबापासून अर्धवर्तुळे काढत पुढे जावे.

जनावर सापडल्यावर कातडे ताबडतोब काढून मांसाचे चार भाग सावलीत टांगावेत, कारण इतक्या मोठ्या धडातली उष्णता हाडाजवळ टिकून राहते आणि मांस तिथूनच बिघडू लागते. सुरी चालवण्यापूर्वी मात्र ब्रॉडहेड शोधून त्याची पाती मोजावीत. तीन होती आणि दोनच मिळाली, तर तिसरे पाते छातीत, फऱ्याच्या मांसात किंवा बरगडीत कुठेतरी उघडे पडलेले आहे असे धरून, हातमोजे घालून, त्या भागात बोटांऐवजी सुरीच्या पाठीने चाचपडत जावे आणि ते सापडेपर्यंत तो तुकडा घरच्या पातेल्यात जाऊ देऊ नये.